'असेल' आणि 'आहे'

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे आठ दिवस राहायला आली होती. ती पुण्यात कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एका रात्री इशाची नमाज आटोपून आम्ही सगळे जेवायला बसलो होतो आणि टीव्हीवर कुठल्याशा खुनाची बातमी चालली होती. संशयिताला पकडून जेमतेम दोन दिवस झाले होते. तोंडावर काळा कपडा टाकून पोलीस त्याला गाडीत बसवत होते. तो त्या रात्री कुठे होता, मोबाईल किती वाजता बंद झाला, मयताशी त्याचे भांडण कसे झाले होते, हे निवेदक घसा फोडून सांगत होता.

माझ्या धाकट्याने तोंडात घास असतानाच निकाल दिला, "यानेच मारलंय."

सासूबाई म्हणाल्या, "बघ ना, चेहऱ्यावरूनच कळतंय."

भाची हळूच म्हणाली, "दादी, चेहरा तर झाकलेला आहे."

सगळे हसले. सासूबाईसुद्धा हसल्या. मीही हसले, पण खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते: यानेच केले असेल. एवढ्या गोष्टी जुळतात म्हणजे केलेच असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची कागदांचा एक गठ्ठा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. कॉलेजतर्फे एका गावात कायदेविषयक शिबिर होणार होते. तिथे तिला एक खटला लोकांना समजेल अशा मराठीत सांगायचा होता. "खाला, तुम्ही मराठी शिकवता. हे इंग्रजी मला सोपं करून द्या ना." कायद्यातले मला काही कळत नाही. पण भाषेचे काम होते, म्हणून चष्मा लावून बसले. त्या चार-पाच दुपारी आम्ही जे वाचले, त्याने माझीच एक जुनी फाईल उघडली. तीच आज वाचकांपुढे ठेवत आहे.

खटला नाशिक जिल्ह्यातला होता. ५ जून २००३ च्या रात्री शेतवस्तीवरच्या एका घरात दरोडेखोर शिरले. त्यांनी पैसे आणि दागिने लुटले, घरातल्यांना मारहाण केली. पाच जणांचा खून झाला. घरातल्या एका मुलीवर अत्याचारही झाला. वाचले फक्त दोघे, आई आणि एक मुलगा, आणि तेही जखमी. वाचताना हात थरथरावा अशी ही घटना आहे. असे काही घडले की सगळ्या गावाला, पोलिसांना, कोर्टाला एकच वाटते की गुन्हेगार लवकर सापडावा. तसे वाटणे साहजिकच आहे.

पोलिसांनी सहा जणांना पकडले. सगळे भटक्या जमातीतले होते, मोलमजुरी करणारे गरीब लोक. खटला मुख्यतः त्या दोन जखमी साक्षीदारांनी पटवलेल्या ओळखीवर उभा राहिला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली.

इथपर्यंत वाचून मी भाचीला म्हटले, "मग यात शंका कसली? ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांनीच सांगितले. तीन कोर्टांनी तपासले."

ती म्हणाली, "पुढचं पान बघा."

पुढच्या पानावर होते ते असे. घटनेनंतर काही दिवसांतच त्या जखमी आईला पोलिसांनी गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता. त्या अल्बममधून तिने चार जण ओळखले होते. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते, वेगळेच होते. म्हणजे जिच्या ओळखीवर सहा जणांच्या गळ्यात दोर पडला, तिने आधी भलत्याच माणसांकडे बोट दाखवले होते. त्या चौघांचा धड तपास झाला नाही, त्यांच्यावर खटला चालला नाही आणि सरकार पक्षाने ही बाब कोर्टापुढे ठेवली नाही. फेरविचाराच्या अर्जावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेतला, अपिले पुन्हा ऐकली आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. त्यांच्यापैकी एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे शिक्षेनंतर कित्येक वर्षांनी सिद्ध झाले होते.

कोर्टाने राज्य सरकारला प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले आणि तपासात चूक करणारे अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करण्याचा आदेश दिला. मी सवयीने कागदाच्या कोपऱ्यावर भागाकार केला. साधारण सोळा वर्षे आणि पाच लाख रुपये. दिवसाला ८६ रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यातली बरीच वर्षे फाशीच्या सावलीत गेलेली. आणि ते पाच जीव? त्यांना मारले कोणी, हा प्रश्न सोळा वर्षांनी पुन्हा पहिल्या जागेवर येऊन उभा राहिला. चुकीच्या माणसाला शिक्षा झाली की न्याय एकदा नाही, दोनदा हरतो, हे मला त्या दिवशी नीट कळले.

त्या आईबद्दल माझ्या मनात काडीचाही राग नाही. जिने आपली माणसे डोळ्यांदेखत गमावली, जी स्वतः मरता मरता वाचली, तिच्या नजरेवर आपण किती भार टाकणार? तिने आधी काय सांगितले आणि नंतर काय सांगितले, हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवणे हे इतरांचे काम होते. त्यांनी एक कागद ठेवला आणि दुसरा बाजूला सारला.

भाचीने मग दुसरा निकाल काढला. तो पुण्याचाच, १९८४ चा. एका नवविवाहितेचा विषाने मृत्यू झाला होता आणि नवऱ्याला फाशीची शिक्षा झाली होती. विष देताना कोणीच पाहिले नव्हते. सगळा पुरावा परिस्थितीजन्य होता. त्या मुलीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे होती, नवऱ्याचे वागणे होते, त्या रात्रीचा घटनाक्रम होता. पत्रांतून तिचे दुःख दिसत होते. पण ते दुःख खुनाकडे जसे बोट दाखवत होते, तसे आत्महत्येकडेही दाखवत होते. विष नवऱ्याकडे होते, हेही सिद्ध झाले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडले. न्यायमूर्ती सय्यद मुर्तझा फजल अली यांनी त्या निकालपत्रात परिस्थितीजन्य पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना 'पंचशील' म्हटले. आजही देशभरातल्या कोर्टांत त्यांचा हवाला दिला जातो.

शिबिरासाठी आम्ही त्या कसोट्या अशा लिहिल्या. पहिली, ज्या गोष्टींवरून निष्कर्ष काढायचा त्या प्रत्येक गोष्टीचा स्वतंत्र आणि पूर्ण पुरावा हवा. दुसरी, त्या सगळ्या गोष्टी फक्त आरोपीच्या गुन्ह्याशीच जुळायला हव्यात. तिसरी, त्या ठाम आणि निर्णायक हव्यात. चौथी, दुसरी कुठलीही शक्यता त्यांनी शिल्लक ठेवता कामा नये. पाचवी, पुराव्याची साखळी अशी पूर्ण हवी की आरोपी निर्दोष असावा असे म्हणायला वाजवी जागाच उरू नये.

पहिल्या कसोटीपाशी भाची अडली. इंग्रजीत दोन शब्दप्रयोग होते. त्यांतला फरक मराठीत कसा सांगायचा? मी म्हटले, "अगं, हे तर आपल्या व्याकरणातच आहे." वर्गात मी दरवर्षी शिकवते. दार बंद दिसले की आपण म्हणतो, "ते बाहेर गेले असतील." आपण पाहिलेले नसते, अंदाज असतो, म्हणून 'असतील'. दारावरचे कुलूप पाहून, शेजारणीला विचारून खात्री झाली की म्हणतो, "ते बाहेर गेले आहेत." उर्दूतही तसेच, 'गए होंगे' आणि 'गए हैं'. आपल्या दोन्ही भाषांनी गुमान आणि यकीन यांच्यासाठी वेगवेगळी क्रियापदे दिली आहेत. आपणच बोलता बोलता 'असेल'वरून 'आहे'वर उडी मारतो. रात्री जेवताना आम्ही तेच केले होते. आणि दहा 'असेल' एकत्र केले तरी त्यांची बेरीज एक 'आहे' होत नाही.

हे वाक्य मी मोठ्या ऐटीत बोलले. आणि बोलता बोलताच मला तो मुलगा आठवला.

तेरा-चौदा वर्षे झाली. मी तेव्हा सातवीची वर्गशिक्षिका होते. विजापूरच्या सहलीसाठी सतरा मुलांनी प्रत्येकी दोनशे रुपये आणून दिले होते. एकूण ३,४०० रुपये. ते पाकिटात घालून मी टेबलाच्या खणात ठेवले. मधल्या सुट्टीनंतर पाहते तर पाकीट नाही. खणाला कुलूप नव्हते, ही माझी पहिली चूक.

मुलांना विचारले. तिघे-चौघे म्हणाले, सुट्टीत तो वर्गात एकटाच होता. त्याचे वडील हातगाडीवर भंगार गोळा करायचे. सहलीचे पैसे त्याने दिलेले नव्हते, "घरात नाहीत" म्हणाला होता. मी त्याचे खिसे तपासले. पाचशेची नोट निघाली. "कुठून आणलीस?" आधी म्हणाला, अम्मीने दिली. जरा दरडावल्यावर म्हणाला, मामूने दिली. मागून कोणीतरी ओरडले, "मॅडम, याने मागे माझी पेन्सिलपण घेतली होती."

मला आणखी काय हवे होते? एकटा होता. गरज होती. खिशात पैसे सापडले. जबाब बदलला. आधीचीही तक्रार. पाच गोष्टी जुळल्या आणि मी निकाल दिला, अख्ख्या वर्गासमोर, साठ डोळ्यांसमोर. वडिलांना बोलावणे धाडले. ते हातगाडी फाटकाबाहेर लावून, चपला ऑफिसच्या दाराशी काढून आत आले. मुलाच्या थोबाडीत त्यांनी एक ठेवून दिली आणि मला एवढेच म्हणाले, "मॅडम, मैं भर दूंगा." त्या दिवशी त्यांनी हजार रुपये दिले आणि उरलेले पुढच्या दोन आठवड्यांत. आम्ही स्टाफरूममध्ये म्हणालो, पैसे भरले म्हणजे कबूलच केले ना! वर्ष संपल्यावर मुलाने शाळा सोडण्याचा दाखला घेतला.

भाचीसमोर बसून मी त्या दिवसाचे कागद प्रथमच शेजारी शेजारी ठेवले. ते पाकीट मी स्वतः मोजले होते. कोणी शंभराच्या दोन नोटा आणल्या होत्या, कोणी पन्नासाच्या चार. दोनशे रुपये आणणारे मूल पाचशेची नोट कशी आणेल? त्या पाकिटात पाचशेची एकही नोट नव्हती! हे मला त्याही दिवशी माहीत होते, पण मी ते स्वतःला विचारलेच नाही. आता कोणी म्हणेल, त्याने बाहेर जाऊन नोटा बदलल्या असतील. असतील. पण मग तो सुट्टीत वर्गात एकटा बसला होता, या साक्षीचे काय करायचे?

आणि दुसरी गोष्ट, जी लिहितानाही जड जाते. त्याच सुट्टीत मी दोन मुलांना हजेरीपत्रक आणायला त्याच खणाकडे पाठवले होते. एक आमच्या शाळेच्या कमिटीतल्या एका सदस्यांचा नातू होता आणि दुसरी माझ्या शेजारणीची मुलगी. त्या दोघांना मी एक अक्षर विचारले नाही. त्यांनी घेतले असे मी मुळीच म्हणत नाही. ते पुन्हा 'असेल'च होईल. पण 'चांगल्या घरची' म्हणून ती नावे माझ्या यादीत आलीच नाहीत आणि भंगारवाल्याचा म्हणून ते एकच नाव आले. माझ्याही अल्बममध्ये दुसरे फोटो होते. मी ते पान उलटलेच नाही.

पैसे कोणी घेतले, हे मला आजपर्यंत माहीत नाही. त्याने घेतले नाहीत, असेही मी शपथेवर सांगू शकत नाही. तपासाच्या वेळी तपास केला नाही की नंतर सत्यही हाती लागत नाही आणि निर्दोषत्वही.

त्या रात्री मी सूरह यूसुफ तर्जुम्यासह पुन्हा वाचली. लहानपणापासून ऐकलेला किस्सा, पण या वेळी माझी नजर सारखी कमीसावर जात होती. भाऊ खोटे रक्त लावलेला कमीस घेऊन रडत येतात. रक्त आहे, रडणे आहे, लांडग्याची गोष्ट आहे, सांगणारेही एक नाहीत, अनेक आहेत. टीव्हीवर दाखवले असते तर आम्ही जेवता जेवता लांडग्याला दोषी ठरवले असते. पण हजरत याकूब (अ.स.) यांना ते पटले नाही. मुफस्सिरीन लिहितात की कमीस कुठे फाटलेला नव्हता. मुलाला खाणारा पण कपड्याला दात न लावणारा लांडगा कसा असेल?

पुढे मिसरमध्ये हजरत यूसुफ (अ.स.) यांच्यावर तोहमत येते. तेव्हा त्या बाईच्याच घरातला एक साक्षीदार आधी कसोटी सांगतो. कमीस पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर हे खरे. आणि मग कमीस पाहिला जातो. हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. कसोटी आधी ठरली, पुरावा नंतर तपासला. आम्ही उलटे करतो. माणूस आधी ठरवतो आणि त्याला बसेल अशी कसोटी मागून शिवतो. आणि सगळ्यात धक्का देणारी गोष्ट म्हणजे निर्दोषत्वाच्या निशाण्या पाहिल्यानंतरही त्या लोकांनी त्यांना कैदखान्यात टाकले. पुरावा असणे पुरेसे नसते. तो मानणारी दिलेही लागतात.

आपल्या फुकहांचा मशहूर उसूल आहे की शुब्हा असेल तर हद टळते. खबर आली तर आधी तहकीक करा, फार गुमान करू नका, हे तर सूरह हुजुरातमध्ये आपण सगळ्यांनी वाचलेले असते. आपल्यापैकी कोणावर खोटा आळ आला की आपण ही तत्त्वे मोठ्याने सांगतो. सांगायलाच हवीत. पण ते सहा जण आपल्यातले नव्हते. त्यांच्यासाठी आपल्यापैकी किती जणांना ही तत्त्वे आठवली असती? आणि भंगारवाल्याचा तो मुलगा तर आपलाच होता. त्याच्यासाठी मला आठवली नाहीत.

सुट्टी संपायच्या आत मी त्याचा शोध घेतला. त्याचे वडील अल्लाहला प्यारे झाले होते. तो आता गॅरेजमध्ये काम करतो, लग्न झाले आहे, एक लहान मुलगी आहे. गॅरेजच्या दाराशी उभी राहून मी म्हटले, "बेटा, त्या दिवशी मी तुला नीट विचारलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर." तो ग्रीसने भरलेले हात फडक्याला पुसत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, त्या दिवसापासून अब्बा मेरेपर कभी भरोसा नहीं किये." एवढेच. पैसे घेतले होते की नव्हते, ते मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. त्याने मला चहा पाजला. त्याच्या वडिलांनी भरलेले ३,४०० रुपये मी सोबत नेले होते. ते त्याने घेतले नाहीत. बराच आग्रह केल्यावर म्हणाला, "शाळेत कुणाचे सहलीचे पैसे नसतील तर भरा."

भाचीचे शिबिर चांगले झाले. तिथल्या एका आजोबांनी विचारले म्हणे, "पोरी, मग सुटतात ते सगळे निर्दोषच असतात का?" तिने उत्तर दिले, "नाही आजोबा. पण सिद्ध झालं नाही तर शिक्षा देता येत नाही. म्हणून तर तपास पहिल्याच दिवशी नीट व्हायला हवा." मला तिचा अभिमान वाटला.

आमच्या घरी टीव्हीवर अजूनही खुनाच्या बातम्या लागतात. धाकटा अजूनही निकाल देतो. पण आता सासूबाईच त्याला अडवतात, "'आहे' म्हणू नकोस रे, 'असेल' म्हण." आणि माझ्या वर्गात आता काही हरवले तर मी खिसे तपासत नाही. आधी स्वतःला विचारते, आणखी कोण त्या खणापाशी गेले होते, आणि ज्याचे नाव माझ्या मनात पहिले आले ते का आले?

अल्लाह आपल्याला कोणावर तोहमत ठेवण्यापासून वाचवो, आणि जिथे ठेवून बसलो आहोत तिथे माफी मागायची हिंमत देवो. आमीन.